क्लॅरिनेट ऐकायचे? आधी वाजवणाऱ्याचे नाव विचारा

क्लॅरिनेटची ऐकण्यासारखी ध्वनिमुद्रणे कोणती, असे इंटरनेटवर शोधले की तयार यादी पुढ्यात येते. वर मोझार्ट, त्याखाली ब्राह्म्स, मग आणखी दोन-चार युरोपीय नावे आणि सर्वात शेवटी तोंडी लावायला थोडा जॅझ. हाच प्रश्न आपल्या वस्तीत विचारला तर कुणाला मोझार्ट आठवत नाही. आठवतो तो वरातीपुढे चालणारा, झालर उसवलेला लाल कोट घातलेला बँडवाला. वाद्य एकच आहे. तीच काळी नळी, त्याच चाव्या, ओठांत धरायची तीच पातळ पट्टी. एका ठिकाणी श्रोते तिकीट काढून, खोकलासुद्धा दाबून ऐकतात. दुसऱ्या ठिकाणी वाजवणाऱ्याला पंगतीत सर्वात शेवटी बसवतात, आणि 'त्याचा बँड वाजला' हा आपल्या भाषेत फजितीचा वाक्प्रचार होतो.

हे अंतर सुरांनी तयार केलेले नाही. ते ज्या व्यवस्थेने तयार केले, तिची ओळख आंबेडकरी वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही.

अलीकडे चळवळीतले तरुण आम्हाला विचारतात, वाद्यसंगीत ऐकायचे आहे, सुरुवात कुठून करू? आम्ही या लेखात क्लॅरिनेटपुरते उत्तर देत आहोत, कारण हे वाद्य वस्तीत आणि जगाच्या मोठ्या सभागृहांत सारखेच हजर आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: रचनेचे नाव पाहून ध्वनिमुद्रण निवडू नका, वाजवणाऱ्याचे नाव पाहून निवडा. आणि जिथे ते नाव नाही, तिथे ते का नाही हे विचारा.

चळवळीला आता हेच उरले का?

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही क्लॅरिनेट काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. मोर्चा सोडून गाणे ऐकत बसा असे आम्ही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा डोंगर आणि ढासळती प्रकृती असताना व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपण विसरू नये. ज्या माणसाकडे एका मिनिटाची सवड नव्हती, त्याला संगीत हा चैनीचा विषय वाटला नाही. जगात जे उत्तम आहे त्यावर आपलाही हक्क आहे, हा विचार त्यांच्या ग्रंथालयात दिसतो तसाच त्या व्हायोलिनमध्येही दिसतो.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो अधिक खोल आहे. वाजवणे ही तर गुलामीची खूण, ती कशाला कवटाळायची? मातंगांनी हलगी वाजवायची, होलारांनी सनई वाजवायची, लग्न, जत्रा, मयत, जिथे बोलावतील तिथे जायचे आणि मिळेल ते घ्यायचे, ही गावगाड्याची सक्ती होती. ती झुगारणाऱ्यांनी वाद्ये खाली ठेवली, काहींनी ती फेकून दिली. ते योग्यच होते. पण बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडलेला मुद्दा इथे लावून पाहा. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. दोष वाजवण्यात नाही. कुणी वाजवायचे हे जन्माने ठरवण्यात आहे. सनई मंगल आणि सनईवाला अमंगल, हा त्या ठरवण्याचा खरा चेहरा.

क्लॅरिनेटचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. हे वाद्य कुठल्याही बलुत्यात नव्हते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १७००च्या सुमारास ते घडले, आणि आपल्याकडे आले ते ब्रिटिश लष्कराच्या आणि संस्थानिकांच्या बँडमधून. त्याला जात नव्हती. तरी थोड्याच पिढ्यांत ते त्याच घरांत जाऊन पोहोचले जिथे आधी सनई आणि हलगी होती, किंवा गरीब मुसलमानांच्या घरात. नवे, परदेशी, यंत्रासारख्या चाव्यांचे वाद्य जातिव्यवस्थेने बघता बघता गिळले. आधुनिक वस्तू आल्या की जात आपोआप जाते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

नाव कुठे असते आणि कुठे नसते

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आले तेव्हा गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावे, म्हणून ही सोय होती. कारण तांत्रिक, पण परिणाम पाहा. ज्या तवायफ बाईला प्रतिष्ठित समाज दारात उभे करत नव्हता, तिचे नाव तिच्याच आवाजात आजही ऐकू येते.

त्यानंतरची कित्येक दशके आठवा. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत क्लॅरिनेटचे सुंदर तुकडे आहेत. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येते, गीतकाराचे येते, गायकाचे येते. तो तुकडा फुंकणारा माणूस, जो बहुधा गोव्याचा ख्रिस्ती वादक असे, कुठेच नसतो. भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी काढून पाहा. कव्हरवर गायक आहे, कवी आहे. ज्याच्या फुंकीने कडव्यामधली जागा भरली तो क्वचितच सापडतो. हा दोष फक्त 'त्यांचा' आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

नाव विचारणे हा केवळ न्यायाचा मुद्दा नाही, ऐकण्याचाही आहे. क्लॅरिनेटचा आवाज एका पट्टीच्या थरथरण्यातून निघतो. ती किती जाड, ओठांची पकड किती, श्वास कुठून ढकलला, यावर सूर बदलतो. खालचे सूर लाकडी, घुमणारे, माजघरातून बोलल्यासारखे. वरचे सूर उघड्यावर हाक मारल्यासारखे. ही दोन्ही दालने जोडताना प्रत्येक वादक आपापली वाट काढतो. म्हणून एकच रचना दोघांनी वाजवली की दोन वेगळी माणसे ऐकू येतात. जुने जाणते श्रोते ध्वनिमुद्रण निवडताना आधी वादक पाहतात. आम्ही नवीन काही सांगत नाही; फक्त तोच नियम शेवटपर्यंत न्यायला सांगतो.

पहिली तबकडी कुणाची निघाली?

जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेले संगीत, हे आज सर्वमान्य आहे. मग जॅझची पहिली तबकडी कुणाची? फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ती तबकडी 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड' या पाच गोऱ्या वादकांची होती. तिच्या एका बाजूला क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते. तबकडी तुफान खपली. पुढे याच बँडच्या प्रमुखाने जॅझ गोऱ्यांनीच शोधला असा दावा केला. ज्यांनी हे संगीत रस्त्यावर आणि अंत्ययात्रांत वाजवून घडवले, त्यांना कित्येक वर्षे थांबावे लागले.

१९२३ साली इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड मुद्रित झाला. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या भोंग्यासमोर सगळे उभे राहून वाजवत. हीच कंपनी पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅनच्या तबकड्याही छापून देत होती. काळ्या माणसाला जाळणाऱ्यांची गाणी आणि काळ्या माणसाचे क्लॅरिनेट एकाच कारखान्यातून बाहेर पडत होते. बाजाराला दोन्ही चालत होते. त्या मुद्रणांतले 'डिपरमाउथ ब्लूज' ऐका, आवाज खरखरीत असला तरी ऐका. नंतर 'पोटॅटो हेड ब्लूज' ऐका. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हनने ते शिकागोत १० मे १९२७ रोजी मुद्रित केले, चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोन महिन्यांच्या आत. त्यातही क्लॅरिनेट डॉड्सचेच आहे. ही तबकडी 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या मालिकेत निघाली, म्हणजे काळ्यांसाठी काळ्यांचा माल. दुकानात एकच, यादीत वेगळा. गावात एकच, पाणवठा वेगळा, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सिडनी बेशेट हे या वाद्याचे दुसरे मोठे नाव. जन्म १८९७, न्यू ऑर्लिन्स. तिथले मिश्रवंशीय क्रिओल स्वतःला काळ्यांपेक्षा वरचे समजत. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात तिचा तो अमेरिकी नमुना. १८९६च्या प्लेसी निकालाने 'वेगळे पण समान' या नावाखाली वंशभेद कायदेशीर झाला आणि क्रिओलांची ती मधली पायरीही हिरावली गेली. बेशेट १९१९ मध्ये एका काळ्या वाद्यवृंदाबरोबर लंडनला गेला. तिथे त्याला स्विस संगीत-दिग्दर्शक अर्नेस्त आन्सेर्मे यांनी ऐकले. त्यांनी लेख लिहिला आणि त्यात मुद्दाम या क्लॅरिनेटवाल्याचे नाव नोंदवून ठेवले, आपण ते कधी विसरणार नाही असेही लिहिले. एका युरोपीय विद्वानाने काळ्या वादकाच्या बाबतीत केलेली ही साधी कृती आज शंभर वर्षांनंतरही जॅझच्या इतिहासात आदराने सांगितली जाते. नाव लिहून ठेवण्याला एवढे मोल असते.

बेशेट १९२२ पर्यंत इंग्लंडमध्ये होता. १९२०च्या उन्हाळ्यापासून बाबासाहेबही लंडनमध्ये होते. एक ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात अर्धपोटी बसून रुपयाचा प्रश्न सोडवत होता, दुसरा त्याच शहरात रात्री क्लॅरिनेट वाजवत होता. दोघांनाही आपापल्या देशात समोरच्या दाराने प्रवेश नव्हता. पुढे १९३३ मध्ये, मंदीच्या काळात काम मिळेना म्हणून बेशेटने एका साथीदारासह हार्लेममध्ये शिंप्याचे दुकान चालवले. त्याची बरीच प्रसिद्ध मुद्रणे सोप्रानो सॅक्सोफोनवरची आहेत, पण तुम्ही १९४४ चे 'ब्लू होरायझन' निवडा. ते क्लॅरिनेटवर आहे. संथ ब्लूज, घाई नाही, रडगाणे नाही. दुःख सांगतानाही माणूस मान खाली घालत नाही, हे त्यात ऐकू येते.

नाव आपल्यातही चोरले जाते

'क्रिओल लव्ह कॉल' हे ड्यूक एलिंग्टनच्या बँडचे १९२७ चे मुद्रण. त्यात क्लॅरिनेट मिळून वाजतात आणि अॅडलेड हॉलचा शब्दांविना आवाज त्यांच्या बरोबरीने चौथ्या वाद्यासारखा फिरतो. ऐकायलाच हवे असे आहे. पण त्याची धून किंग ऑलिव्हरच्या आधीच्या एका तबकडीतून आलेली होती. ती रुडी जॅक्सन या क्लॅरिनेटवादकाने एलिंग्टनकडे आपली म्हणून आणली. श्रेय इतरांकडे गेले, आणि ऑलिव्हरला दाद मागूनही काही मिळाले नाही. शोषितांनी शोषिताचे नाव खाल्ले, असेही घडते. हे आपण लपवू नये, आपल्या चळवळीतही लपवू नये.

हाच रुडी जॅक्सन पुढे मुंबईत आला. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे बँड वाजत, आणि त्यांच्याकडून मुंबईतले गोवेकर वादक जॅझ शिकले. म्हणजे 'जातिप्रथेचे निर्मूलन' प्रसिद्ध झाले त्या काळात याच शहरात काळ्या माणसाचे क्लॅरिनेट वाजत होते, फक्त ते ज्या दालनात वाजत होते तिथे डबक चाळीतला माणूस जाऊ शकत नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या नात्याला एक सुरांची बाजूही आहे, तीही सांगायला हवी.

बेनी गुडमनचे काय करायचे? त्याला 'स्विंगचा राजा' म्हटले गेले, आणि त्याच्या बँडच्या यशामागे फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराने बांधून दिलेल्या रचना होत्या. मुकुट एकाच्या डोक्यावर गेला. पण गुडमन हा शिकागोतल्या गरीब ज्यू स्थलांतरितांचा मुलगा होता. ज्या जर्मन शिक्षकाकडे तो शिकला, त्याच शिक्षकाकडे जिमी नून आणि बस्टर बेली हे काळे वादकही शिकत होते. आणि १९३६ मध्ये त्याने टेडी विल्सन व लायोनेल हॅम्प्टन या काळ्या वादकांना आपल्याबरोबर लोकांसमोर मंचावर बसवले, जेव्हा तसे करण्याची रीत नव्हती. काळ्याने वाजवले म्हणून उत्तम आणि गोऱ्याने वाजवले म्हणून टाकाऊ, हा जातीचाच उलटा हिशेब झाला. तो आम्हाला मान्य नाही. १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीचे मुद्रण ऐका, आणि ऐकताना हेंडरसनचे नाव मोठ्याने घ्या.

मोझार्ट आपला नाही का?

आता त्या यादीच्या डोक्यावर बसलेल्यांकडे वळू. युरोपीय अभिजात संगीत हे साहेबांचे, उच्चभ्रूंचे, ते आपल्याला कशाला, असे म्हणणारे मित्र आहेत. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे: चवदार तळे कशासाठी होते? पाणी काही निराळे नव्हते. जे सार्वजनिक आहे त्यावर आपलाही समान हक्क आहे, हे ठणकावण्यासाठी महाड झाले. मोझार्ट हे असेच एक तळे आहे. तिथे जायचे, ओंजळ भरायची आणि काठावरच्या पहारेकऱ्याकडे बघायचेसुद्धा नाही.

इथेही वाजवणाऱ्याचे नाव पहिले आहे. मोझार्टने आपला क्लॅरिनेट काँचेर्टो मृत्यूच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १७९१ मध्ये पुरा केला, तो आन्टोन श्टाडलर या वादकासाठी. श्टाडलरकडे नेहमीपेक्षा खाली जाणारे लांब वाद्य होते, म्हणून रचना तेवढी खाली उतरते. मोझार्टची हस्तलिखित प्रत हरवली आणि छापताना ती साध्या वाद्याला जमेल अशी बदलली गेली. ब्राह्म्सने लेखन थांबवायचे ठरवले होते. माइनिंगेनच्या रिचर्ड म्यूलफेल्टचे क्लॅरिनेट ऐकून तो पुन्हा बसला आणि १८९१ मध्ये क्विंटेट लिहिले. वादक नसता तर रचना नसती. हे युरोपात मानतात, नोंदवतात. आपल्याकडे वादकाने राग उभा केला तरी तो 'साथीदार' राहतो.

मोझार्टच्या काँचेर्टोसाठी आम्ही सबीने मायर यांचे ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदाबरोबरचे मुद्रण सुचवतो. त्या मूळच्या लांब क्लॅरिनेटवर वाजवतात, त्यामुळे खालचे सूर जागच्या जागी ऐकू येतात. पण त्यांची गोष्टही ऐका. १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने त्यांना घ्यावे अशी प्रमुख संचालक कारायान यांची इच्छा होती. वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी विरोध केला. कारण काय दिले? त्यांचा सूर इतरांच्या सुरात मिसळत नाही. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात पहिली स्त्री सदस्य यायला १९८२ साल उजाडले होते. 'सूर मिसळत नाही' हे वाक्य आपल्या मुलामुलींनी मुलाखतीच्या खोल्यांत वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेले आहे. कधी त्याला गुणवत्ता म्हणतात, कधी संस्थेचे वातावरण. मायर थोड्याच काळात बाहेर पडल्या आणि जगातल्या अग्रगण्य एकल वादक झाल्या. मुद्रण लावा आणि गुणवत्ता कुणाची कमी होती ते स्वतःच्या कानांनी ठरवा.

ब्राह्म्सच्या क्विंटेटसाठी दोन मुद्रणे. पहिले १९३७ चे, रेजिनल्ड केल आणि बुश क्वार्टेट यांचे. अॅडोल्फ बुश स्वतः ज्यू नव्हते. त्यांच्यावर कसलीही आच येत नव्हती. तरीही १९३३ मध्ये ज्यूंवर अत्याचार सुरू होताच त्यांनी जर्मनीतल्या आपल्या मैफली सोडून दिल्या. वरच्या पायरीवरच्या माणसाने काय करायचे असते, याचे हे उदाहरण. दुसरे मुद्रण अँथनी मॅकगिल आणि पॅसिफिका क्वार्टेट यांचे, २०१४ चे. त्यात मोझार्ट आणि ब्राह्म्स दोघांचीही क्विंटेट आहेत. मॅकगिल शिकागोच्या दक्षिण भागातले. २०१४ मध्ये ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख क्लॅरिनेटवादक झाले, आणि त्या वाद्यवृंदात प्रमुख वादकाच्या खुर्चीवर बसलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले. वाद्यवृंदाची स्थापना १८४२ ची. चांगले क्लॅरिनेट ज्या काळ्या लाकडाचे बनते ते टांझानिया आणि मोझांबिकच्या जंगलांतून येते. लाकूड आफ्रिकेचे चालत होते. आफ्रिकी वंशाच्या माणसाला त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला १७२ वर्षे लागली.

आपल्या मातीतले क्लॅरिनेट

दक्षिणेत क्लॅरिनेट देवदासींच्या सदिर नृत्याच्या साथीला होते. १९३०च्या दशकात हे नृत्य 'शुद्ध' करून भरतनाट्यम म्हणून वरच्या जातींच्या रंगमंचावर आले, तेव्हा क्लॅरिनेट मागे पडले आणि बासरी पुढे आली. देवदासी प्रथा गेलीच पाहिजे होती, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण प्रथेबरोबर ती कला जगवणारी माणसे आणि त्यांचे वाद्यही बाहेर गेले, आणि कला तेवढी ठेवून घेतली गेली. हा व्यवहार आपण ओळखला पाहिजे.

तरीही तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतात क्लॅरिनेट मुख्य वाद्य म्हणून उभे केले. २००८ मध्ये त्यांना मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी किताब आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. चाव्यांच्या वाद्यावर गमक कसे घेतात हे ऐकायचे तर त्यांची मुद्रणे शोधा. हिंदुस्थानी रागदारीसाठी रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी ऐका. आपल्या सोलापूर-लातूरकडच्या कानांना ते परके वाटणार नाहीत. आणि ७८ आरपीएमच्या काळातल्या मास्टर इब्राहिम यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ऐका. त्यांचे महत्त्व आम्हाला एका कारणासाठी अधिक वाटते: धून चित्रपटाची, पण तबकडीवर नाव क्लॅरिनेटवाल्याचे.

जे मुद्रण अजून झालेच नाही

एवढे सगळे ऐकून झाल्यावर एक जागा रिकामी राहते. जयंतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे भीमगीते वाजवणारा आपला क्लॅरिनेटवाला कुठे आहे? त्याच्या फुंकीवर दोन पिढ्या नाचल्या. त्याचे मुद्रण जगातल्या कुठल्याच यादीत नाही. लग्नाच्या व्हिडिओत तो आहे, पण नवरदेवाच्या घोड्यामागे अर्धा कापलेला. आता तर डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत आणि बँडची पथके गुंडाळली जात आहेत. तो म्हातारा गेला की त्याचा सूर कायमचा जाईल. तेव्हा बेशेटला आन्सेर्मे भेटले, आमच्या माणसाला कुणी भेटला नाही, अशी तक्रार करत बसण्यात अर्थ नाही. ते काम आपले आहे.

त्याला खर्च फार नाही. जयंती मंडळांनी वर्गणीतला छोटा हिस्सा बाजूला काढावा. मिरवणुकीच्या दिवशी नको, आधी किंवा नंतर एखाद्या सकाळी वादकाला विहारात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात सन्मानाने बोलवावे. पंखा बंद करावा. मोबाइल वाद्याच्या टोकाशी धरू नये. क्लॅरिनेटचा बराचसा आवाज मधल्या छिद्रांतून येतो, म्हणून फोन चार-पाच फुटांवर, बोटांच्या उंचीला ठेवावा. एक भीमगीत, एक लोकधून आणि त्याला स्वतःला आवडते ते एक, अशी तीन तरी घ्यावीत. घाई करू नये, चुकले तर पुन्हा वाजवू द्यावे. मोठ्या स्टुडिओतही तसेच करतात. आणि सुरुवातीला, गौहर जानसारखे, त्याच्याच आवाजात त्याचे पूर्ण नाव, गाव, कुणाकडे शिकला ते आणि तारीख मुद्रित करावी. ढोलकी, ताशा, ट्रम्पेट वाजवणाऱ्यांचीही नावे घ्यावीत. मानधन हातात द्यावे, मुद्रण लोकांसमोर ठेवण्याआधी त्याची परवानगी घ्यावी, आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. त्याच्या नातवंडांना ती लागेल.

त्या सकाळी आपल्या तरुणांनी त्याच्यासमोर जमिनीवर बसून, मोझार्ट ऐकतात तसे, खोकला दाबून ऐकावे. आणि मुलींच्या हातात ते वाद्य द्यावे. वाजवायचे की नाही हे आता जात ठरवणार नाही, त्या ठरवतील.

येत्या १४ एप्रिलच्या आत प्रत्येक मंडळाने किमान एका वादकाचे मुद्रण करावे, एवढेच आमचे आवाहन. पुढच्या वेळी कुणी विचारले, क्लॅरिनेट कुणाचे ऐकू, तर आपल्या यादीत बेशेट असेल, मायर असतील, मॅकगिल असतील, नटराजन असतील, आणि त्यांच्याच ओळीत आपल्या तालुक्यातल्या एका माणसाचे नाव असेल. पूर्ण नाव, आडनावासकट.

जय भीम!